देव्हाऱ्यातले अकरा रुपये

चांदीचं नाणं तपासायला लोहचुंबक घेऊन येणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. परवाच आमच्या विद्यानगरातल्या इमारतीतला खालच्या मजल्यावरचा एक शिकलासवरलेला गृहस्थ आजोबांचा राणीछाप रुपया घेऊन आला. खिशातनं चुंबक काढला, चिकटत नाही म्हणून दाखवलं आणि "म्हणजे अस्सल ना काकू?" म्हणून तोंडभर हसला. मी म्हटलं, "बाबा रे, चुंबक पितळेच्या तांब्यालाही चिकटत नाही. माझ्या नाकालाही चिकटत नाही. मग मी काय चांदीची का?" बिचारा चहा न पिताच उठला. रुपया मात्र खरा होता. तेवढं मी जिन्यावर गाठून त्याला सांगितलं.

आमचं सराफीचं दुकान दाजीबानपेठेत होतं. होतं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, अप्पांचं. मी धारवाडची, मास्तरांची मुलगी. सत्तरच्या दशकात लग्न होऊन हुबळीला आले, तेव्हा तराजू कुठल्या बाजूने धरायचा हेही मला ठाऊक नव्हतं. पण ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, दुकानात काडीचा रस नव्हता. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचं, प्रयोगशाळेत रमायचं आणि घरी आलं की पुस्तकात डोकं घालायचं. एकुलता एक मुलगा गादीवर बसत नाही म्हटल्यावर अप्पांनी वर्षभर वाट पाहिली, मग एका दुपारी मला हाक मारली. "कुसुम, इकडं ये. कान कसा आहे तुझा?"

मी म्हटलं, "धारवाडचा आहे. गाता येत नाही, पण दुसरा बेसूर झालेला कळतो."

"बस. तेवढंच लागतं," म्हणाले, आणि माझी शिकवणी सुरू झाली. सून गादीवर बसते म्हणून पेठेत चार दिवस कुजबुज झाली. अप्पांनी कुणाला भीक घातली नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नाणं ओळखणं ही काही जादू आहे. तसं काही नाही. जुना राणीछाप रुपया वजनाला बरोबर एक तोळा. झिजून थोडा कमी भरेल, जास्त कधीच भरणार नाही. कडेचे कंगोरे सगळीकडे सारखे हवेत. साच्यात ओतलेला खोटा रुपया भिंगाखाली धरला की आंबवलेल्या पिठासारखा बारीक फोडांचा दिसतो. कसोटीच्या दगडावर घासून वर तेजाबाचा थेंब सोडला की धातू आपली जात सांगतो. त्यातही गंमत आहे. लढाईच्या काळात सरकारनंच रुपयात चांदी निम्मी केली. तो रुपया कसोटीला हलका उतरतो, पण आहे खरा. उलट काही लबाड लोक चांगल्या चांदीचे खोटे रुपये पाडायचे, जुनं नाणं म्हणून जास्त भावात खपवायला. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगताना माझ्या तोंडाला फेस यायचा. तरीही शंका राहिलीच, तर मालकाला विचारून छिन्नीनं कापायचा. आत तांबडं दिसलं की वाद मिटला.

पण अप्पांचा भरवसा या कशावर नव्हता. त्यांचा भरवसा कानावर. रुपया बोटाच्या टोकावर तोलायचा, दुसऱ्या रुपयाच्या कडेनं हलकेच टिचकी मारायची आणि ऐकायचं. खरी चांदी बारीक, उंच आवाजात वाजते आणि वाजतच राहते. खोटी लगेच बसते. त्याला आम्ही म्हणायचो, रुपया बद्द वाजला. "सुरुवात ऐकू नकोस," अप्पा सांगायचे. "सुरुवात सगळ्यांचीच चांगली असते. शेवट ऐक." दुर्गदबैलच्या बाजारातले भुसार व्यापारीसुद्धा आपली नाणी अप्पांकडे वाजवून घ्यायला यायचे. दुकानात लेखी काही नसायचं. अप्पा म्हणाले खरा, की खरा.

एकदा जहाजावर काम करणारा कारवारकडचा एक गडी भला मोठा अमेरिकन चांदीचा डॉलर घेऊन आला. बंदरावर कुणाकडून तरी घेतलेला. अप्पा जेवायला गेलेले. मी डॉलर हातात घेतला, कडेवरून नख फिरवलं, तर गोल शिवण लागली. पुढची बाजू वेगळी आणि मागची वेगळी ओतून चिकटवलेली. मी सांगितलं, खोटा आहे. तो भडकला. "बाईमाणसाला काय कळतंय, मालकांना बोलवा की!" अप्पा आले, हात पुसत पुसत डॉलर घेतला, माझ्याकडं बघितलं आणि त्याला म्हणाले, "मालक काय सांगतात ते ऐकलंत की नाही?" मग डॉलर न तपासताच परत दिला. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगते, रात्रभर झोप आली नाही आनंदानं.

म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

ऐंशी सालच्या आसपास माझ्या लक्षात येऊ लागलं की अप्पांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. पुरुष माणूस मोठ्यानं बोलला तर सगळं ऐकू यायचं. नातीनं हाक मारली तर नाही. माझ्या बांगड्या वाजल्या तर नाही. बारीक, उंच आवाज तेवढे गेले होते, आणि रुपया वाजतो तो नेमका तिथंच. मी ह्यांना सांगितलं. "वय झालं, चालायचंच," म्हणाले. अप्पांना सांगायची माझी छाती झाली नाही. सुनेनं सासऱ्याला म्हणायचं, तुमचा कान गेला? ज्या कानावर दुकान उभं, तो? मग मी आपली एक युक्ती काढली. नाणी आली की त्यांच्या शेजारी बसायचं, हळूच कसोटी पुढं सरकवायची, भिंग हातात द्यायचं. निभत होतं. वर्षभर निभलं. मला वाटायचं, किती हुशार आहे मी!

मग माझी आई आजारी पडली आणि मी चार दिवस धारवाडला गेले. त्या चार दिवसांत धारवाडच्या एक वकिलीणबाई दुकानात येऊन गेल्या.

घर मोठं, जुनं, नाव घेत नाही. त्यांच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. त्यांच्याकडं लक्ष्मीपूजनाचे एकवीस राणीछाप रुपये, तीन पिढ्या पुजलेले. मुलगी सासरी जाताना त्यातले पाच तिच्या ओटीत घालायचे, म्हणजे तिच्या घरी लक्ष्मीपूजन सुरू होतं. शुभाला एखादा वाईट जायला नको, म्हणून त्या दाखवायला आल्या होत्या. आता अडचण बघा. पूजेचा रुपया छिन्नीनं कापायचा नसतो, तेजाबानं जाळायचा नसतो, दगडावर घासायचा नसतो. लक्ष्मी आहे ती. इतक्या वर्षांचं हळदकुंकू वर थापून बसलेलं, त्यामुळं भिंगाखाली ना कंगोरा दिसतो ना राणीचं नाक. राहिला फक्त कान. अप्पांनी एकवीस वाजवले आणि अकरा बाजूला काढले. "हे बद्द आहेत बाई."

मी परत आले त्या दिवशी दुपारी अप्पांनी हे मला जेवता जेवता सांगितलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी काही बोलणार, तेवढ्यात दुकानातनं निरोप आला की वकिलीणबाई आल्यात आणि एका बाईला घेऊन आल्यात.

ती बाई म्हणजे रुक्माक्का. वीस वर्षं त्या घरात स्वयंपाक करणारी. पन्नाशीची, काटक, नऊवारी घट्ट नेसलेली. वकिलीणबाई रुपयांची पिशवी पुढं ठेवून गादीवर टेकल्या. रुक्माक्का पायरीखालीच उभी राहिली. मी "वर या" म्हटलं तरी आली नाही.

वकिलीणबाई म्हणाल्या, "देवाची भांडी हीच घासते. देव्हाऱ्याला हिच्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. हिनंच रुपये बदललेत. कबूल हो म्हटलं तर होत नाही. अप्पा, तुम्ही हिच्यासमोर एकदा सांगा, म्हणजे हिचं तोंड उघडेल. नाही उघडलं तर इथनं थेट पोलीस ठाण्यात न्यायचं असं घरी ठरलंय."

"ना मुट्टिल्रि," रुक्माक्का म्हणाली. मी हात लावला नाही हो. एवढंच. मोठ्यानं नाही, रडून नाही. तीन दिवस तेच म्हणून म्हणून तिचा आवाज बसला होता.

अप्पांनी बाजूला काढलेल्या अकरांतला एक उचलला. बोटावर तोलला, टिचकी मारली. तो रुपया असा सुरेख वाजला की पायरीवरचा भाजीवाला वळून बघायला लागला. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "बद्द."

एकीकडं ही बाई ठाण्यात जाणार, उद्या अख्ख्या धारवाडात चोर म्हणून तिचं नाव होणार. दुसरीकडं अप्पा. मला क्षणभर वाटलं, नंतर वकिलांना गुपचूप पत्र लिहावं. मग रुक्माक्काकडं बघितलं. तिनंही तो आवाज ऐकला होता. तिला नाण्यातलं काही कळत नसेल, पण ती माझ्याकडं बघत होती आणि मला ऐकू आलंय हे तिला कळलं होतं.

मी म्हटलं, "अप्पा, परत वाजवा."

"कशाला?"

"तो बद्द नाही."

अप्पांचा चेहरा लाल झाला. "कुसुम, आत जा."

मी गेले नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी जा म्हटलं आणि मी गेले नाही. म्हटलं, आज उठले तर परत या गादीवर बसायला मला तोंड राहणार नाही.

नुसतं माझा कान खरा म्हटलं असतं तर कोण ऐकणार होतं? अप्पांच्या शब्दापुढं सुनेचा शब्द! मी वकिलीणबाईंकडं वळले. "बाई, लक्ष्मीला स्नान घातलेलं चालतं ना?"

त्या गोंधळल्या. "चालतं की. दर दिवाळीला घालतोच."

"मग मला या रुपयांना स्नान घालायचंय."

ही ह्यांच्या प्रयोगशाळेतली विद्या. घरी एका रविवारी ह्यांनी मला सहज दाखवली होती आणि अप्पांनी 'कॉलेजातले खेळ' म्हणून उडवून लावली होती. वस्तू पाण्यात बुडवली की तिचं वजन घटतं. किती घटतं ते धातूवर अवलंबून. राणीछाप रुपया पाण्यात दहाव्या हिश्शाहून किंचित कमी हलका होतो. पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा केलात तर नवव्या हिश्शाहूनही जास्त. हळदकुंकवाचा थर असला तरी एवढा फरक लपत नाही. ना कापायला लागतं, ना जाळायला.

काचेच्या पेटीतला बारीक तराजू काढला. पारड्याच्या आकड्याला रेशमी दोरा बांधला, खाली पेलाभर पाणी ठेवलं. अप्पा भिंतीकडं तोंड करून बसले. आधी त्यांनीच खरा ठरवलेला एक रुपया कोरडा तोलला, मग दोऱ्यात अडकवून बुडवला, म्हणजे किती घटतो ते माप कळलं. मग अकरांतला पहिला. काटा तिथंच येऊन थांबला. दुसरा, तिथंच. तिसरा, तिथंच. वकिलीणबाई पुढं वाकल्या. भाजीवाला पायरी चढून वर आला. चौथ्याच्या वेळी मान वर केली तर अप्पा शेजारी येऊन उभे.

त्यांनी तो ओला रुपया माझ्या हातातनं घेतला, पंच्यानं पुसला, बोटावर तोलला आणि टिचकी मारली. या वेळी डोळे मिटले नाहीत. माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"वाजतोय?"

"वाजतोय अप्पा."

"अजून?"

"अजून."

"आता?"

"आता थांबतोय... थांबला."

रुपया त्यांनी हळूच गादीवर ठेवला. मग वकिलीणबाईंना नाही, पायरीखाली उभ्या असलेल्या रुक्माक्काला हात जोडले. "बाई, रुपये खरे आहेत. माझा कान गेलाय. मला कळत होतं आणि मी ते कळून घेत नव्हतो." भर पेठेत, चार माणसांसमोर. माझे डोळे भरून आले, पण काम अर्धंच झालं होतं म्हणून मी पुढचा रुपया दोऱ्यात अडकवला.

पाच ते दहा, सगळे चोख. अकरावा बुडवला आणि काटा त्या जागेवर आलाच नाही. पुन्हा बुडवला. पुन्हा तेच. खोटा होता. उलटसुलट करून तिसऱ्यांदा बुडवला. खोटाच.

वकिलीणबाई ताठ झाल्या. "बघा! अकरा नसतील, पण एक तरी बदललाच ना हिनं?"

खोटं सांगणं शक्य नव्हतं. रुपया उन्हात धरला, नखानं कुंकवाचा थर खरवडला. खाली आणखी थर, काळा पडलेला. त्याखाली आणखी. मी म्हटलं, "बाई, हा खोटा आहे, पण कालपरवाचा नाही. बाकीच्या वीस रुपयांवर जेवढं कुंकू तेवढंच याच्यावर. रुक्माक्का तुमच्याकडं यायच्या आधीपासून हा पुजला जातोय."

"आमच्या घरात खोटा रुपया कुठनं येईल?"

तेव्हा रुक्माक्का पहिल्यांदा पायरी चढून वर आली.

"तो मोठ्या बाईंचा आहे," ती म्हणाली. मोठ्या बाई म्हणजे वकिलीणबाईंच्या वारलेल्या सासूबाई. "त्यांच्या लग्नात त्यांच्या सासऱ्यांनी ओटीत घातलेला. खोटा आहे ते त्यांना पहिल्याच दिवाळीला कळलं होतं. दर वर्षी पुसताना मला म्हणायच्या, रुक्मा, हा खाली ठेव, पण ठेव. घरातल्या मोठ्या माणसानं दिलाय, कुणाला बोलू नकोस. मी बोलले नाही."

"मग तीन दिवस गप्प का बसलीस?" वकिलीणबाईंचा आवाज चिरला.

"काय सांगू? तुम्ही अकरा म्हणत होता. एक खोटा आहे हे मला ठाऊक होतं म्हटलं असतं, तर बाकीचे दहाही माझ्याच गळ्यात घातले असते. आणि मोठ्या बाईंना दिलेला शब्दही गेला असता."

वकिलीणबाईंनी रुपये भराभर पिशवीत भरले. पाच कुठले, सोळा कुठले, काही बघितलं नाही. वाईट बाई नव्हत्या त्या, हे मला आजही वाटतं. पण "चुकलं" हा एक शब्द काही त्यांच्या तोंडातनं बाहेर पडेना. शेवटी पदर सावरत उठल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चल रुक्मा. बस गाठायला हवी. घरात पाहुणे आलेत, रात्रीचा स्वयंपाक व्हायचाय."

रुक्माक्कानं कमरेच्या ओच्यात हात घातला. कोठीची किल्ली काढली, पितळेची, लांब दांड्याची. ती गादीवर ठेवली.

"वीस वर्षं ही माझ्याकडं आहे बाई," ती म्हणाली. "ही पण एकदा तपासून घ्या."

आणि पायरी उतरून चालू लागली. वकिलीणबाई "रुक्मा, अगं रुक्मा" म्हणत राहिल्या, तिनं मागं बघितलं नाही. पुढं तिनं धारवाडात कॉलेजच्या मुलांसाठी खानावळ काढली, चांगली चालली असं माहेरी कळायचं. वकिलांच्या घरनं तीनदा बोलावणं आलं. ती गेली नाही.

त्या दिवशी मात्र तिच्यामागं अप्पा धावले. सत्तरीचा माणूस, वहाणा न घालता, हातगाड्यांमधनं वाट काढत. मी दारातनं बघत होते. कोपऱ्यावर त्यांनी तिला गाठलं, पुन्हा हात जोडले, काहीतरी बोलले. ती थांबली. तीही बोलली, बराच वेळ. मग गर्दीत दिसेनाशी झाली.

अप्पा परत आले. पाय मातीनं भरलेले. मी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "काय म्हणाली ती?"

त्यांनी पाय धुतले, पंच्यानं पुसले, गादीवर येऊन बसले.

"मला ऐकू आलं नाही," म्हणाले.

एवढ्या वर्षांत मी तोंडावरून बरंच काही ओळखायला शिकले होते. ते खरं बोलले की खोटं, हे तेवढं मला अजून ठरवता आलेलं नाही.